मामांच्या घरची टाकी शेवटी भरते

मामांना शेवटची अंघोळ घालायला त्यांच्या घरात पाणी नव्हतं.

हो. गल्लीचं पाणी भरणाऱ्या माणसाच्या घरात.

आज वर्ष झालं. त्या दिवशी जे कुजबुजले, "हा कसला समाजसेवक, स्वतःच्या घरात तांब्याभर पाणी नाही," त्यांच्यासाठी आज लिहितेय. नीट वाचा.

बाहेरगावच्या मित्रांना आधी सांगावं लागतं, आमच्या संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. आठ-आठ दिवस वाट बघायची. आलं की थोडाच वेळ, आणि तेवढ्या वेळात अख्खं घर नळीला जुंपलेलं. आमच्याकडं सुट्टी कॅलेंडर बघून नाही, पाणी बघून टाकतात.

घरात तरणी माणसं असली की निभतं. म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांचं काय?

दत्तूमामा वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाले आणि हा प्रश्न त्यांनी अंगावर घेतला. सख्खा भाचा एकही नाही, पण गल्लीचे मामा. पाणी आलं की गल्लीतल्या पोरापोरींनी आधी एकट्या म्हाताऱ्यांचे ड्रम भरायचे. मग आपापल्या घरचं. आणि सगळ्यात शेवटी मामांची टाकी.

लाइनला मोटर लावायची नाही, हेही ठरलेलं. एकानं मोटर लावली की पुढच्यांच्या नळाला नुसती हवा येते.

मी गच्चीवरून त्या गडबडीचा व्हिडिओ काढत होते, तेव्हा खालून पहिली हाक आली.

"ए पोरी, वरून लई छान दिसतंय का? खाली ये, नळी धर."

गेले. मामांना नाही म्हणायची सोयच नव्हती.

माझ्या कॉलेजातला एक मित्र हौसेनं आला आणि विचारून बसला, "मामा, सर्टिफिकेट मिळेल का?"

"मिळंल की. तळहाताला फोड येतील, ते दाखव कॉलेजात."

तो अजून येतो.

मामा गोडबोले अजिबात नव्हते. उशीर झाला की भर गल्लीत उद्धार करायचे. कुणी थँक्यू म्हटलं की वैतागायचे. "थँक्यू कशाचं? शेजारी हाय ना मी तुझा?"

त्या दिवशी सकाळी मामा गेले. आणि थोड्या वेळानं नळाला पाणी आलं.

मामांना पुढच्या खोलीत ठेवलं होतं. आम्ही सगळे दारात, रडून डोळे सुजलेले. बाहेर कुणीतरी ओरडलं, पाणी आलं! पण कुणी जागचं हललं नाही.

सिडकोतून मामांचे धाकटे भाऊ आले होते. ते म्हणाले, "आधी इथली टाकी भरून घ्या, अंघोळीला लागंल." कुठून तरी मोटर आणून ते लाइनला जोडायलाही लागले.

मामी उशाशी बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी बोर्डातली पिन उपसली.

"नाय भाऊजी. ह्या घराचा नंबर शेवटचा हाय. माणूस गेलं म्हणून नेम बी जातो व्हय?"

मग आमच्याकडं वळल्या. "आन् तुम्ही काय बघताय? ते आता उठून सांगणार हायेत का? जा!"

आम्ही गेलो. रडत रडत नळ्या ओढल्या. मागं नातेवाइकांचं चालूच होतं, मढं घरात आणि पोरं पाणी भरत फिरतायत, काय जमाना आला.

मामांच्या घराचा नंबर येईपर्यंत धार करंगळीएवढी झाली आणि नळ गेला. टाकी कोरडी ठणठणीत. कुजबुज सुरू झाली ती तेव्हा.

तेवढ्यात समोरच्या रेहाना खाला भिंतीला धरून दारात आल्या. त्या एकट्याच राहतात, गुडघ्यांनी उभं राहवत नाही. त्यांचा ड्रम आम्ही आत्ताच भरला होता.

"मेरे ड्रम में का पानी ले जाव बेटा. मेरा कहाँ है ये, उनोकाच पानी है."

मग एकेक दार उघडलं. कुणी कळशी दिली, कुणी बादली, एका आजींनी नुसता तांब्या भरून आणला.

मोटर आणणाऱ्या भावांनीच खालांच्या पाण्याचा पहिला तांब्या मामांच्या अंगावर घातला.

तर कुजबुजणाऱ्यांनो, हो, मामांच्या घरात पाणी नव्हतं. ते गल्लीत घरोघरी होतं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

वर्षभर ऐकतेय, मामा गेले, आता हे बंद पडणार. आजकालच्या पोरांच्या हातचा मोबाइल सुटत नाही म्हणे.

नाही पडलं बंद. पडू देणारही नाही. मोबाइल खिशात ठेवूनही नळी धरता येते, येऊन बघा.

एका पुढाऱ्याचा माणूस विचारायला आला होता, चौकात मामांचा बॅनर लावू का. मामी म्हणाल्या, "बॅनर नको बाबा. चांगली लांब नळी आणून दे."

म्हणून माझ्या वयाच्या सगळ्यांना सांगतेय, खाली आरआयपी लिहू नका. तुमच्या गल्लीत एकटं कोण राहतं, माहितीय? नसेल तर आज जाऊन दार वाजवा. पाणी, औषधं, लाइटबिल, काहीतरी अडलेलं असतंच. कोणी बोलावण्याची वाट बघू नका.

आज मामींकडं वर्षश्राद्धाचा स्वयंपाक आहे. आणि हे लिहितानाच खालून ओरडा ऐकू आला, पाणी आलं! वाकून बघितलं तर मामांचे भाऊ. सिडकोतून लवकर आलेत, नळी खांद्यावर, खालांच्या दारात उभे. मामींची टाकी आजही शेवटी.

श्रद्धांजली राहू द्या आता.

मामा, पाणी आलंय. मी खाली चाललेय.