लेकीचं नाक

लेकीला वास येत नाही, ही गोष्ट आईला कळली ती दूध करपलं त्या दिवशी. आई भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होती, तेव्हा करपट वास खालच्या मजल्यापर्यंत आला होता. वर येऊन पाहते तर पातेल्याच्या बुडाला काळा थर, आणि लेक ओट्यापासून चार हातांवर निवांत वर्तमानपत्र वाचत बसलेली.

"अगं, नाक आहे की नुसतं शोभेला लावलंय?"

लेक एरवी अशा बोलण्यावर उलटून दोन शब्द टाकायची. त्या दिवशी तिने पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"तीन आठवडे झाले, आई. त्या तापानंतर काहीच येत नाही. साबण नाही, कांदा नाही, काही नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, वाट पाहा, कधी सहा महिन्यांत परत येतो, कधी जास्त लागतात. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर चार दिवस हळहळून माणूस कामाला लागला असता. पण हिची भाकरी नाकावर होती.

लेक कॅराव्हॅन दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर; आत पलंग, ओटा, नहाणीघर, संडास सगळं. आणि त्या सगळ्याचं सांडपाणी गाडीच्या पोटाखालच्या दोन टाक्यांत. एकीत भांडी धुण्याचं, दुसरीत संडासचं. त्या टाक्या, त्यांचे पाइप, झडपा, रबराच्या चकत्या हे लेकीचं खातं. नऊ वर्षं ती गाड्यांखाली पाठीवर पडून काम करत आली होती. घरी आली की आधी गॅलरीत बूट, मग कपडे बादलीत, मग अर्धा तास अंघोळ. आईने त्यावरून कधी कुरकुर केली नाही. कुरकुर मावशीची.

"इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलास, आणि लोकांच्या संडासाच्या टाक्या धुतेस?"

"मावशी, तुमच्याकडचं तुंबलं की आधी फोन कुणाला करता?"

नंतर महिन्याभराने मावशीकडचं खरंच तुंबलं, आणि तिने फोन केला.

गिऱ्हाइकांनाही ती अशीच सरळ करायची. गाडीचे नवे मालक मुक्कामाला गेले की संडासच्या टाकीची झडप उघडीच ठेवतात, आपोआप वाहून जाईल म्हणून. पाणी वाहून जातं, बाकीचं मागे राहून तळाला दगडासारखं बसतं. मग तिच्यापुढे येऊन उभे, मान खाली घालून. "आधी भरू द्या, मग एकदम सोडा," ती सांगायची. "पाणी कमी पडलं की घट्ट होतं, हे तुम्हाला माझ्याआधी डॉक्टरांनी सांगितलं असेलच." माणसं लाजून हसायची आणि पुढच्या वेळी तिलाच मागायची.

कारखान्यात एक रीत होती. दुरुस्ती झाली की टाकी भरायची, खिडक्या-दारं लावून गाडी अर्धा तास बंद ठेवायची, आणि मग एकाने आत जाऊन नुसतं उभं राहायचं, कुठून वास येतो का ते बघत. बाकी सगळे विडी-तंबाखूवाले. कारखान्याच्या मालकांना तर तपकिरीपायी स्वतःच्या जेवणाचा वास येत नसे. म्हणून पहिल्याच वर्षी हे काम लेकीकडे आलं. ती डोळे मिटून उभी राहायची, आणि बाहेर येऊन एक शब्द बोलायची: "चल" किंवा "थांब". तिच्या "थांब"वर मालकांनी तयार गाड्यांच्या भिंती पुन्हा उघडल्या होत्या, आणि दर वेळी आत काहीतरी सापडलं होतं. सकाळी ती फाटकात आली की मिस्त्री ओरडायचे, "आलं का आमचं नाक?" पहिले सहा महिने ज्यांनी तिच्याशी धड बोलणंही केलं नव्हतं, तेच हे मिस्त्री.

म्हणून दूध करपलं त्या दिवशी लेकीने आईकडून शब्द घेतला होता. "कुणाला बोलायचं नाही. येईल परत." आईने दिला. आणि तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. दिवसभर ती हातातलं काम अर्धवट सोडून दुसरं घ्यायची, तेही अर्धवट सोडायची. काळजी करून माणूस जसा दमतो तसा जिने चढूनही दमत नाही.

आज लेक पाच वाजताच घरी आली. बूटही न काढता गॅलरीच्या उंबऱ्यावर बसली.

"आज कुठली गाडी होती?" आईने विचारलं.

"एक जोडपं आहे. सात महिन्यांचं बाळ. टाकीतली हवा छतावर नेणारा पाइप भिंतीच्या आत तडकला होता, सगळी घाण, विषारी हवा आत पलंगाशी यायची. तुकडा बदलला. उद्या सकाळी सहाला निघतायत, लांब."

"आणि वास कुणी घेतला?"

लेकीने बुटाची नाडी सोडली. "मीच. 'चल' म्हटलं."

"कशावरून?"

"सांध्यांना साबणाचं पाणी लावलं होतं. कुठे बुडबुडा आला नाही. जिथे हात पोचतो तिथे तरी."

"आणि जिथे पोचत नाही?"

लेक दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागली.

"अगं, ते लेकरू रात्रभर त्या बंद गाडीत झोपणार."

"मला माहीत आहे, आई! मी नाही जन्माला घातलं म्हणून मला कळत नाही असं समजू नकोस." मग आवाज खाली आला. "सांगितलं की मला टेबलावर बसवतील. पावत्या फाडायला. नऊ वर्षं लागली गं मला त्या फाटकातून ताठ मानेने आत जायला."

"मग तू सांग. आत्ता. गाडी अजून तिथेच आहे."

"उद्या बघते."

"उद्या सहाला ते निघतायत."

"मी दमलेय," लेक म्हणाली, आणि अंघोळीला गेली. कडी लागली, नळ सुरू झाला.

आई खुर्चीत बसली. लेक खोटं बोलत नव्हती. खरंच दमली होती. इतके आठवडे रोज डोळे मिटून, काही न कळता उभं राहायचं आणि कळल्यासारखं तोंड करायचं, याने कुणीही दमेल. आईला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या दुसऱ्या आईचा विचार आला. ती आत्ता बाळाचे कपडे पिशवीत भरत असेल.

शब्द पाळला तर लेक आपली राहील. पण उद्या काही झालं, तर ती स्वतःचीही राहणार नाही.

आई उठली. चोरून करायचं नाही, एवढं तिने ठरवलं. नहाणीघराच्या दारावर टकटक केली.

"ऐकतेस का? मी तुझ्या मालकांना फोन करतेय. गाडी सोडू नका म्हणून. का ते तू सांग, नाहीतर मी सांगेन."

आत नळ चालूच राहिला. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. आई क्षणभर दाराशी थांबली, मग फोन उचलून तिने मालकांचा नंबर लावला.