मागच्या खोलीचा कागद

त्या रविवारी तुम्ही दोघं भावंडं फोनच्या पडद्यावर भांडत होतात आणि इकडे माझ्या खोलीत कूलर चालू होता. त्यामुळे तुमचं निम्मं बोलणं मला पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. वाळ्याचा ओला वास, बंद खिडक्या, बाहेर वैशाखाची दुपार. अशा वेळी मला कोणतं वर्ष चालू आहे तेही नीट सांगता येत नाही.

विषय थोरलीच्या विद्यापीठातला होता: ज्यांना गुलाम करून राबवलं, त्यांच्या वारसांना आज भरपाई द्यायची की नाही? थोरली 'द्यायची' या बाजूने बोलणार होती. धाकटा तिची तयारी करून घेण्यासाठी उलट बाजू लढवत होता, आणि त्यात त्याला जरा जास्तच मजा येत होती.

"आजी, हा म्हणतो, पणजोबाने चूक केली तर पणतूने का भरायचं?"

"बरोबरच आहे. मग तू माझी सायकल तोडलीस त्याची भरपाई तुझी पणती देईल का?"

"ती सायकल आधीच तुटलेली होती, मूर्खा! आजी, तू निकाल दे."

आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे निकाल द्यायला मला आवडतं. मी दोन्ही बाजू कागदावर टिपल्या, चष्मा पुसला आणि धाकट्याच्या बाजूने निकाल दिला. देणारा मेला, घेणारा मेला, आता कोणी कोणाला काय द्यायचं? धाकट्याने टाळ्या पिटल्या. थोरलीने मात्र सहज विचारलं, "आजी, आपल्याकडे होतं का असं कोणी?"

"छे! आपल्याकडची माणसं घरचीच असायची," मी म्हणाले.

तुम्ही पडदा बंद केलात. मी आडवी झाले, पण डोळा लागेना. कूलरच्या घरघरीत कोणीतरी खाली अंगणात भांडी घासत असल्यासारखं वाटत राहिलं. आमच्याकडची बाई दुपारी येत नाही. मग मला कळलं, की मी मावशीला ऐकते आहे.

मावशी तुम्ही पाहिलेली नाही. ती कोणाची मावशी नव्हती. माझ्या सासूबाईंचं लग्न झालं तेव्हा माहेरून त्यांच्याबरोबर पितळेची घंगाळं आली, पलंग आला, आणि नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आली. आंदण म्हणतात त्याला. मुलीच्या पाठवणीबरोबर जे द्यायचं ते आंदण. त्यात माणूसही देत असत. हे इकडच्या भोसले राजांच्या काळापासून चालत आलेलं होतं, आणि ते कायद्याने कधीच बंद झालेलं होतं, पण ही बातमी त्या मुलीला सांगायला कोणी गेलं नाही. ती आमच्या घरी वाढली, राबली, म्हातारी झाली. दिवाळीला एक लुगडं, पाडव्याला एक लुगडं. सासूबाईंनीच तिचं लग्न लावून दिलं. नवरा दोन वर्षांत तापाने गेला. एक मुलगी मागे राहिली. मायलेकी अंगणापलीकडच्या मागच्या खोलीत राहायच्या.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा ती मुलगी अकरा-बारा वर्षांची होती. दोन वेण्या, ओठांत पेन्सिल. पाटी घेऊन ती माझ्या दाराशी उभी राहायची. मी तिला इंग्रजी शिकवायला लागले. मला आठवतात त्या दुपारी. उंबरठ्याच्या आत मी, बाहेर ती, मध्ये उन्हाचा एक पट्टा, आणि तिचा आवाज शब्दांवरून असा जायचा, जसं कोणी अनवाणी पायांनी सारवलेल्या जमिनीवरून जावं. अडखळायची नाही. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या मुलींपेक्षा चांगलं वाचायची. मला फार अभिमान होता, तिचा आणि त्याहून जास्त माझा.

मग तुमच्या वडिलांचा जन्म झाला, आणि ते सहा महिन्यांचे असताना मला शहरातल्या सदर भागातल्या एका कॉलेजात नोकरी लागली. घरातून विरोध होता. बाळाला कोण सांभाळणार? मावशीच्या अंगावर तर घरचं सगळं काम. मी त्या मुलीला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "एक वर्ष थांब. पुढच्या वर्षी जा परत शाळेत."

हे सासूबाई म्हणाल्या नाहीत. मीच म्हणाले.

बाळाचं वेळापत्रक मी सुंदर अक्षरात लिहून भिंतीला लावलं. किती वाजता दूध, किती वाजता अंघोळ, रडलं तर काय करायचं. सगळं इंग्रजीत. ते तिला वाचता येत होतं ना! मी कॉलेजात जाऊन शिकवत होते आणि मी शिकवलेल्या इंग्रजीच्या आधाराने ती माझं मूल वाढवत होती. पुढच्या वर्षी तुमच्या आत्याचा जन्म झाला. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेचं नावच कोणी काढलं नाही.

घेणारा मेला, असं मी निकालात म्हटलं होतं. पण ती मुलगी तर जिवंत होती. कोराडीला मुलाकडे राहत होती. दरवर्षी संक्रांतीला तिचा फोन यायचा.

चार दिवसांनी मी टॅक्सी केली. बरोबर एक चांगली रेशमी साडी घेतली आणि संत्रा बर्फीचा डबा. दोन्ही गोष्टी मांडीवर घेऊन बसले, वेळेवर पोचायच्या एखाद्या समारंभाला निघाल्यासारखी. कोराडी जवळ आली तसे कोळशाचे ट्रक लागले. झाडांची पानं राखेने करडी झालेली, आणि त्यांच्यामागे वीजकेंद्राच्या चिमण्या अशा धूसर, की त्या खऱ्या आहेत की कोणी पेन्सिलीने हलकेच काढून ठेवल्या आहेत हे कळू नये. सगळं जग जणू कोणीतरी पुसत आणलं होतं. मला वाटलं, गाडी अशीच चालत राहिली तर मी त्या उन्हाच्या पट्ट्यापाशी जाऊन पोचेन.

दार तिनेच उघडलं. केस पांढरे झालेले. पण ओठ तसेच मिटलेले, आत पेन्सिल धरल्यासारखे.

"अगंबाई, वहिनी! काहून आल्या जी इतक्या उन्हाच्या? फोन तं करायचा." मग आत वळून, "पाणी आण वं, थंडं!"

पाणी घेऊन तिची नात आली. एकोणीस वर्षांची, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. घरभर खोकी बांधून ठेवलेली होती. मुलाची बदली चंद्रपूरकडच्या वीजकेंद्रात झाली होती आणि महिन्याभरात क्वार्टर सोडायचं होतं. वसतिगृहात जागा नव्हती. मुलगी एकटी शहरात कुठे ठेवायची, म्हणून बाप तिला बरोबर नेणार होता.

"आणि कॉलेज?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात, एक वर्ष थांब, मग पाहू," नात म्हणाली आणि ग्लास उचलून आत गेली.

तिची आजी माझ्याकडे पाहत राहिली. मीही तिच्याकडे. पंखा वर फिरत होता. ते वाक्य आम्हा दोघींनाही पाठ होतं.

मी घाईघाईने साडी पुढे केली. तिने तिच्यावरून एकदा हात फिरवला. "चांगली हाये. पण मले नको. लुगडे लय झाले आमच्या घराण्यात."

मी साडीची घडी पुन्हा नीट करू लागले. मग तिनेच विचारलं, "मागची खोली रिकामी हाये का?"

"आहे. स्वच्छच आहे. अगं, पाठव ना तिला! मला सोबत होईल. घरचीच म्हणून राहील."

ती हसली. अगदी मोकळं हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "नाही जी वहिनी. घरची नको. घरच्या आमी दोघी राह्यलो, माय आन् मी. आता पोरगी भाड्यानं राहील तशी राहील. भांड्याले हात नाही लावणार. तुमचा गुडघा दुखला तं तुमी बाई ठेवा."

"बरं."

"भाडं मात्र नाही देणार."

"मी मागतेय कुठे?"

"तसं नाही. कागद करा. शिक्षण होतपर्यंत खोली तिची. आन् त्याच्यात लिहा, काहून देऊन राहिल्या ते."

"त्याची काय गरज आहे? तू आणि मी..."

"तुमी उद्या नसान, मी नसन. मंग कोणी म्हणन, वहिनीचे उपकार होते. मले नातीच्या डोक्यावर उपकार नाही ठेवायचे."

परतताना बर्फीचा डबा तिने ठेवून घेतला. साडी माझ्या मांडीवर परत आली.

तुमच्या वडिलांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "आई, खोली दे ना. ताईने मला वाढवलंय. पण कागद कशाला? आणि कारण लिहून द्यायचं म्हणजे कबुलीच. उद्या कोर्टकचेरी झाली तर?"

"ताईला ओळखतोस ना तू?"

"ओळखतो म्हणूनच म्हणतोय," ते म्हणाले, आणि शेवटी, "तुला योग्य वाटेल ते कर."

खोलीबद्दलचा मजकूर मी दहा मिनिटांत लिहिला. कारणाच्या ओळीला आठवडा गेला. आयुष्यभर मुलांच्या निबंधांवर लाल पेनाने 'नेमकं लिहा' असं लिहिणारी मी, सकाळी एक वाक्य लिहायची आणि संध्याकाळी खोडायची. मधल्या वेळात झोपेत चालल्यासारखी घरात फिरायची. कधी वाटायचं, अंगणात दोन वेण्यांची मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालते आहे. मी तिला सांगायला जायची, की ठेव ते खाली आणि जा. मग अंगणात फक्त तुळस असायची आणि वाळत घातलेले माझेच कपडे. तेव्हा मला कळलं, की तुमच्या वादातली अवघड गोष्ट देणं ही नाहीच. काहून देऊन राहिलो, हे लिहिताना हात थांबतो.

शेवटी मी फोनवर वाचून दाखवलं: "घरच्या अडचणीमुळे हिचं शिक्षण थांबलं."

"अडचण कोणाची?" तिने विचारलं.

मी पुन्हा लिहिलं.

ती नातीला घेऊन आली ती बुधवारी सकाळी. लग्न होऊन गेल्यावर ती या घरी फारशी आलीच नव्हती. खुर्चीवर बसली. मी कागद दिला. नात म्हणाली, "आजी, मी वाचून दाखवू का?"

"मले येते वाचता," ती म्हणाली.

चष्मा लावून ती वाचू लागली. मोठ्याने. कुठेही न अडखळता. "...माझ्या नोकरीसाठी मी तिला शाळेतून काढून माझ्या मुलाला सांभाळायला ठेवलं. तेव्हा ती नववीत होती. त्या कामाचा मी तिला कधी पगार दिला नाही. तिच्या आईलाही या घराने पगार दिला नाही. म्हणून ही खोली..."

ती थांबली. "नववीत नाही जी."

"नाही?"

"मॅट्रिकले होतो. फारम भरला होता. दोन महिने राह्यले होते परीक्षेले. मायनं जोडवी मोडली होती फीसाठी."

मला हे माहीत नव्हतं. पन्नास वर्षं मला वाटत होतं, की मी एका लहान मुलीला सहज थोडं थांबवलं. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली होती. तिने ते कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. विधवा बाईने जपून ठेवलेली जोडवी, आणि ती मोडून भरलेली फी. नात आधी माझ्याकडे, मग आपल्या आजीकडे पाहत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

मी दुसरा कागद घेतला. पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं. 'नववी'च्या जागी 'मॅट्रिक' लिहिलं, फॉर्मचं लिहिलं, जोडव्यांचं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. सही केली. शेजारच्या दोघांना बोलावून साक्षीदार म्हणून त्यांच्याही सह्या घेतल्या. तिने पुन्हा सगळं वाचलं, घडी घातली आणि कागद नातीच्या हातात दिला. "तुह्यापाशी ठेव. हरवू नको."

मग आम्ही तिघी अंगण ओलांडून मागे गेलो. नात खिडकी उघडून फोनला कुठे रेंज येते ते पाहू लागली. ती मात्र दारापाशीच उभी राहिली, दाराच्या मागच्या बाजूने हात फिरवत.

"कडी आतून लागते नं आता?"

मी म्हटलं, लागते, नवीन बसवली आहे. पूर्वी या दाराला आतून कडी नव्हती. रात्री-अपरात्री कोणालाही मावशीला उठवता यायला हवं म्हणून. हेही मला तिथे उभं असतानाच आठवलं.

"जरा पाहतो," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

कडी लागल्याचा आवाज आला. ऊन आता भिंतीच्या निम्म्यावर आलं होतं. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मध्येच हसणं. मी अंगणात उभी होते. किती वेळ गेला कोण जाणे. मी हाक मारली नाही.