जाळीमागचा चिखल

येसूबाईकडून धुऊन निघालेली गाडी वरातीला निघाल्यासारखी दिसायची, आणि तिला त्याचा गर्व होता. का नसावा? कामशेतहून वडिवळ्याकडे वळलं की गाड्या धुण्याची तिची पत्र्याची शेड लागते, पुढे सिमेंटचा कोबा, बाजूला पाण्याची टाकी. आत बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्यावर नऊ वर्षांत पाण्याचा एक शिंतोडा उडालेला नाही. बाई बावन्न वर्षांची, अंगानं काटकुळी. पण हातात पाण्याच्या प्रेशरची गन आली की समोरच्या जीपला ती नात्यातल्या पोरीसारखी झापायची. "कुटं लोळून आलीस गं भवाने? ऊठसूट चिखलातच जायचं का?" जीप बिचारी काय बोलणार!

तिची लेक चैताली लोणावळ्याच्या राजेंद्रशेठकडे ड्रायव्हर होती. पर्यटकांना जीपमध्ये बसवायचं, पठारावरच्या दगडधोंड्यांतून आणि चिखलातून हिंडवायचं आणि हाडं शाबूत ठेवून परत आणायचं, हे तिचं काम. शेठकडे चार ड्रायव्हर, त्यात ही एकटीच मुलगी. जूनमध्ये कामावर घेताना शेठनं स्पष्ट सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघतो. गाडी नीट ठेवलीस तर कायम करीन." बाकीचे तिघं मात्र पोरगी कधी इंजिन जाळते याचीच वाट बघत होते. तेवीस वर्षांच्या त्या पोरीनं म्हणूनच चार महिने जीपला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता.

भाद्रपद सरत आला होता. शनिवारी संध्याकाळी चैतालीनं जीप आणली ती नाकातोंडात चिखल घेऊनच. भातखाचरांमधल्या वाटेनं ट्रॅक्टर जाऊन नुसता रबडा झाला होता आणि पाहुण्यांना नेमकं तिथूनच जायचं होतं.

"आई, उद्या सकाळी सातला पाहुण्यांची पार्टी आहे. जरा चांगली धू."

"मी कवा वंगाळ धुते गं?" येसूबाई म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली. पाहुणे फोटो काढतात ते गाडीच्या तोंडाचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं पुढच्या जाळीवर गन धरली आणि पुरा दाब सोडला. दोन मिनिटांत सगळा चिखल दिसेनासा झाला. येसूबाईनं फडकं फिरवलं, लांब जाऊन एकदा बघितलं आणि खूश होऊन चूल पेटवायला घरी गेली.

रविवारी साडेदहालाच जीप परत शेडपुढे येऊन थांबली. एवढ्या लवकर? येसूबाईनं चैतालीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काय झालं गं?"

"गाडी तापली." चैताली सीटवरून उतरलीच नाही. "चढाला लागले आणि काटा सरळ लालमध्ये. तिथंच बंद केली. पाहुण्यांना दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिलं. तासभर गार केली, मग उतारानं थांबत थांबत हळूहळू आणली."

"मग ब्येस केलंस की."

"काय ब्येस? शेठनं फोनवरच फिटरला विचारलं. तो म्हणतो, इंजिनाचं हेड तडकून गेलं असणार, पोरीनं गाडी रगडली असणार. शेठ येतायत इकडं. इंजिन गेलं असंल तर चावी इथंच दे म्हणाले." तिनं चावी काढून मुठीत धरली. "आई, मी खरंच न्हाई गं रगडली. का रगडली असंल? मलाच कळंना झालंय. वाटभर तेच आठवतेय."

फोनवरून इंजिनाचा निकाल लावणाऱ्या त्या फिटरला येसूबाईनं दोन अस्सल शिव्या हासडल्या. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मग तिनं चैतालीला बॉनेट उघडायला लावलं.

इंजिनाचं तिला फारसं कळत नव्हतं, पण गाडीचं अंग न् अंग हाताखालून गेलेलं. तोंडापाशी एकामागं एक दोन जाळ्या असतात. पुढची इंटरकूलरची, ती इंजिनात जाणारी हवा गार करते. मागची रेडिएटरची, ती पाणी गार करते. दोन्हींमध्ये बोटभर फट. पुढची जाळी आरशासारखी लख्ख होती. येसूबाईनं मोबाईलचा टॉर्च लावून वरून त्या फटीत डोकावलं.

आत चिखलाची भिंत उभी होती. वरपासून खालपर्यंत, सारवल्यासारखी, इंजिनाच्या धगीनं भाजून कडक झालेली. वारा जायला सुईएवढी जागा नव्हती.

तिनं टायर बघितले. त्यांना नुसती मुरमाची लाल धूळ. आज गाडी चिखलात गेलीच नव्हती. मग हा काळा, चिकट चिखल कुठला? खाचराचा. कालचा. काल तिनंच समोरून गन मारून तो आत ठोसला होता. चिखल गेला नव्हता, नुसता नजरेआड झाला होता.

आता खरं सांगायचं तर येसूबाईच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. कुणाला कळणार होतं? गपचूप धुऊन टाकावं आणि दगड लागला, पान अडकलं, काहीतरी सांगावं. नऊ वर्षं कमावलेलं नाव होतं. तिनं वळून लेकीकडे बघितलं. चैताली स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती.

"चैते, हिकडं ये. तू न्हाई, म्या केलंय हे."

चैतालीनं फटीत बघितलं, मग आईकडे बघितलं. "तू?"

"कालच्याला समोरनं गन मारली. सगळा राडा आत जाऊन बसला. तुजी काय बी चूक न्हाई."

चैताली चिडेल, ओरडेल, असं येसूबाईला वाटलं होतं. पोरगी उलट्या बादलीवर मटकन बसली आणि रडायलाच लागली. "म्हंजे मी न्हाई रगडली," एवढंच ती दोनदा म्हणाली. सकाळपासूनचं ओझं तिच्या छातीवरून उतरलं होतं. येसूबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण जास्त वेळ नाही, कारण शेठ येतच होता.

चैताली डोळे पुसत उठली आणि तिनं गन उचलली.

"ठेव खाली ती!" येसूबाई कडाडली. "एकदा चूक केली, दोनदा करू व्हय? खाचराचा चिखल दांडगाईनं निघत न्हाई. भिजवावा लागतो त्यो."

हे मात्र तिला कुठल्या गॅरेजनं शिकवलेलं नव्हतं. वडिवळ्याच्या खाचरात जन्म गेलेला. पायावर वाळलेला चिखल खरवडला तर कातडी निघते आणि पाण्यात पाय सोडून बसलं तर आपोआप सुटतो, हे लावणी करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. भाताचं बी मोड आणायला गोणपाटात भिजवतात, तीच गोणपाटं तिनं काढली. इंजिन पुरतं गार झालंय हे हात लावून बघितलं, चैतालीला पुढची जाळी सैल करून थोडी पुढं ओढायला लावली, ओली गोणपाटं दोन्ही जाळ्यांवर अंथरली, फटीतही एक सरकवलं आणि वर पाणी शिंपत राहिली. अर्धा तास काहीच करायचं नाही, नुसतं भिजू द्यायचं. तो अर्धा तास दोघींना लय जड गेला.

मग तिनं साधी नळी घेतली आणि पाणी इंजिनाच्या बाजूनं, मागून पुढं सोडलं. ज्या वाटेनं चिखल आत गेला त्याच वाटेनं त्याला बाहेर यायला लावलं. आधी काहीच आलं नाही. मग काळं पाणी ठिबकलं, आणि एकदम मोठा गोळा सुटला तो कोब्यावर पच्चकन पडला. "ये, ये, भाड्या, ये भाईर!" येसूबाई ओरडली आणि चैताली रडता रडता हसली. जाळीच्या नाजूक पात्या वाकू नयेत म्हणून रंगाचा मऊ ब्रश उभ्या रेघेत फिरवला. गननं चार पात्या मुडपल्या होत्या, त्या चैतालीनं बांबूच्या पातळ चोयीनं एकेक करून सरळ केल्या. पाणी गढुळाचं पिवळं झालं, पिवळ्याचं नितळ. येसूबाईनं मागून टॉर्च धरला तर उजेड आरपार पुढे आला.

तेवढ्यात राजेंद्रशेठ पोचला. तोंड आंबट करूनच उतरला.

"जय भीम शेठ," येसूबाई कोब्यावरच्या ढिगाकडे बोट करत म्हणाली, "आदी ह्ये बगा. पोरीवर काय ते नंतर बोला. समोरनं गन मारून ह्यो चिखल म्या आत घातला. काय बोलायचं ते मला बोला."

शेठ ढिगाकडे बघतच राहिला. "मावशी, माझ्या चारी गाड्या तुम्हीच धुता."

"व्हय. चारीच्या बी जाळ्या खोलून बगते आज."

"ते ठीक आहे. पण हेड?"

तेच तर बघायचं होतं. चैतालीनं तेलाची पट्टी काढून फडक्यावर पुसली. तेल स्वच्छ, कुठं दुधाळ नाही, म्हणजे पाणी तेलात शिरलेलं नव्हतं. रेडिएटरमधलं पाणी थोडं उतरलं होतं, तिनं भर घातली. मग किल्ली फिरवली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाण्यात बुडबुडे नाहीत, धूर पांढरा नाही. शेठ "हं" म्हणाला. पण जीप जिथं तापली होती तो चढ अजून बाकी होता.

"चला, मी पण बसतो," शेठ म्हणाला. "मावशी, तुम्ही पुढं बसा."

नऊ वर्षांत येसूबाईनं शेकडो जीपा धुतल्या होत्या, पण पठारावर जाणाऱ्या जीपमध्ये ती कधी बसली नव्हती. चैतालीनं पट्टा बांधला, खालचा गिअर टाकला आणि गाडी दगडांवरून डुलत चढू लागली. डावीकडे धरणाचं पाणी चमकत होतं, उतारावर पिवळी सोनकी फुलली होती. येसूबाईची नजर समोरच्या काट्यावर. काटा मध्यावर आला. चढ उभा झाला, इंजिन घुमू लागलं. सकाळी गाडी थांबली होती तो मोठा काळा दगड आला, आणि मागं पडला. काटा मध्यावरच.

माथ्यावर चैतालीनं ब्रेक लावला आणि मोठा श्वास सोडला.

"फिटरला सांगतो, फोनवरून निकाल देऊ नकोस म्हणून," मागून शेठ म्हणाला. "तापली तिथंच बंद केलीस म्हणून इंजिन वाचलं. दुसरा कुणी असता तर वर नेऊनच थांबला असता. चावी तुझ्याकडंच राहू दे, दिवाळीची वाट बघायची गरज नाही. उद्या सातची पार्टी तूच घे."

चैताली एकदम आईकडे वळली. "आई, ऐकलंस? आगं, भाईर तरी बघ की! सगळं मावळ दिसतंय हितनं."

येसूबाईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तिला ते पुसायची शुद्ध नव्हती.

"थांब गं," ती म्हणाली. "आजून जरा काटाच बगू दे मला."