मच्छ्याच्या परशरामची गिटार

बेळगावजवळच्या मच्छे गावचा परशराम पलटणीच्या बँडात कॉर्नेट वाजवत होता. गाण्याची मुख्य चाल धरणारं ते आखूड, पितळी वाद्य. परेडला बँड निघाला की गावाकडून आलेली माणसं नुसत्या आवाजावरून त्याला ओळखत. १९३१ साली गाडीतून सामान उतरवताना एका खेचरानं त्याला लाथ मारली आणि वरचे पुढचे दात गेले. ओठ शिवला, जखम भरली, पण वाद्यावर फुंक धरेना. पलटणीनं त्याला घरी पाठवलं. तेव्हा त्यानं तिशीही ओलांडली नव्हती.

घरची भातशेती थोरला भाऊ बघत होता. परशराम वर्षभर म्हशींमागं हिंडला, कुणाशी फार बोलला नाही. मग बेळगावच्या कॅम्पातून कायतान मास्तरांचा निरोप आला. हे मास्तर मूळचे मडगावचे. साहेबांच्या क्लबात नाचासाठी वाजवणारा बँड त्यांचा, आणि स्वतः ते सॅक्सोफोन वाजवत. परशरामला त्यांनी पलटणीत ऐकलं होतं.

"फुंकता येत नाही तर तारा छेड," मास्तर म्हणाले. "ताल तुझा पक्का आहे. बोटं शाबूत आहेत ना?"

परशराम बँजो शिकला आणि पाचसहा वर्षं तोच वाजवत राहिला. मागं बसायचं, ठोक्याला ठोका द्यायचा. पुढं ट्रम्पेटवाला उभा राहून चाल वाजवायचा आणि टाळ्या घ्यायचा, तेव्हा परशराम खाली बघून वाजवी.

पुढं विलायतेहून नव्या रेकॉर्डी येऊ लागल्या. त्यांत बँजो नव्हताच, त्याच्या जागी गिटार होती. मास्तरांनी एक साधी, सपाट पोटाची गिटार आणून बघितली, पण ट्रम्पेट सुरू झाला की ती वाजते आहे की नाही तेच कळेना. तेव्हा त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्या जातीच्या दोन गिटारी पसंतीसाठी मागवल्या. या गिटारींचं पोट बँडातल्या फिडलसारखं, म्हणजे व्हायोलिनसारखं, फुगीर, दोन्ही बाजूंना फिडलसारख्याच लांबट खाचा, आणि तारा पोलादी. एक अंगानं मोठी, मधाच्या रंगाची, चकचकीत. दुसरी लहान आणि काळपट, जुनी वापरलेली.

दुपारी क्लबाच्या रिकाम्या हॉलमध्ये परशरामनं दोन्ही मांडीवर घेऊन बघितल्या. मोठीची तार छेडली की आवाज छातीत घुमायचा आणि बराच वेळ रेंगाळायचा. लहानीचा आवाज कोरडा होता, वाजला की लगेच संपायचा.

"हीच," परशराम मोठीवर हात ठेवून म्हणाला.

"वाजवणारा तू," मास्तर म्हणाले.

सराव सुरू झाला आणि काहीतरी बिघडलं. गाणी जड चालू लागली. मास्तरांनी पियानोवाल्याला डावा हात हलका ठेवायला सांगितलं, मग बेसवाल्याला दाबून वाजवायला सांगितलं, तरी सगळं गढूळच. अखेर ड्रमवर बसणारा नंदगडचा भरमू बोलला.

"अण्णा, राग मानू नका. ठोका सुटंना झालाय. तुमचा सूर मागं रेंगाळतोय."

"इतकी वर्सं टिकटिक केली," परशराम ताडकन म्हणाला. "आता कुठं माझं वाजल्यालं कानावर पडाय लागलंय, तर तेबी नको?"

मास्तरांनी सराव तिथंच थांबवला.

दुसऱ्या दिवशी परशराम लवकर आला. भरमूला थोडीफार गिटार येत होती. परशरामनं मोठी गिटार त्याच्या हातात दिली, बाकीच्यांना वाजवायला सांगितलं आणि स्वतः हॉलच्या पार टोकाला, दारापाशी जाऊन उभा राहिला. तिथून गिटार ऐकू येत होती, भरपूर येत होती. बेस मात्र तिच्याखाली बुडाला होता आणि सॅक्सोफोन तिच्यातून वाट काढत होता.

"आता ती ल्हानी घे रं," तो तिथूनच ओरडला.

लहानी वाजू लागली तेव्हा ती वेगळी अशी ऐकूच येईना. पण बेस पायांवर उभा राहिला आणि फिडल सुटी झाली. मध्येच भरमूची बोटं चुकली आणि तो थांबला, तर सगळा बँड खाटेचा सुंभ सुटावा तसा सैल पडला. परशराम गाणं संपेपर्यंत दारात उभा राहिला. मग पुढं येऊन त्यानं मोठी गिटार पेटीत ठेवली आणि पेटीचे खटके स्वतः लावले.

संध्याकाळी त्यानं घरी बायकोला, अंबुबाईला, हे सांगितलं.

"मग तुमी वाजिवताय ते मानसांस्नी कळायचं कसं?" तिनं विचारलं.

"न्हाय कळत. बंद पडलं की कळतंय."

"आन् तुमास्नी वाईट न्हाय वाटत?"

"लई वाटलं," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

नाताळचा नाच चांगला झाला. कुणा मेमसाहेबानं ट्रम्पेटची स्तुती केली, कुणी फिडलची. मास्तर कुणाला काही समजावत बसले नाहीत, पण पुढच्या सरावापासून त्यांनी परशरामची खुर्ची आपल्या शेजारी घेतली. नवं गाणं बसवताना ते आधी त्याला चाल किती जलद धरायची ते विचारत. अशीच लढाईची वर्षंही गेली.

१९४७ साली साहेब लोक निघाले आणि बँड मोडला. मास्तर मडगावला परतले. जाताना ते ती लहान गिटार परशरामला देऊ लागले, पण त्यानं घेतली नाही.

"एकटी वाजायची वस्तू न्हाय ती, मास्तर. तुमी न्या. तिकडं बँड उभा ऱ्हाईल तुमचा."

त्याच साली निपाणीजवळच्या बोरगावात लग्नाचा नवा बँड निघाला. त्यांना शिकवणारा माणूस हवा होता. परशराम गेला आणि अंबुबाईही बरोबर गेली. राहायला मिळालेली खोली तंबाखूच्या वखारीला लागून होती. अंबुबाई पहिलं वर्षभर शिंकत होती, आणि रोज म्हणायची, मच्छ्याला परत चला. ते काही परत गेले नाहीत.