महाराणींची मान

रंगकाकांचा ब्रश फिरला की साठीची बाई विशीत जायची आणि तिथून परत यायला कुरकुरायची. नाटक कंपनीचे हे जुने रंगभूषाकार. पण एका मानेने त्यांची झोप उडवली होती.

मान महाराणींची. नाटकात त्या महाराणी, म्हणून विंगेतही महाराणीच. केस वर बांधले की मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसायचा. काकांनी मनाशी धरलं, आपल्याच रंगाने कातडी खाल्ली. रंग बदलला, पुसायचं तेल बदललं. महाराणी घरी मान घासघासून लाल करत. पट्टा ढिम्म.

"काका, नजर अधू झाली का तुमची?" महाराणी आरशातून म्हणाल्या.

"नजर शाबूत आहे, बाई. नोकरीचं सांगता येत नाही."

मग नाट्यगृहाच्या छपराची दुरुस्ती निघाली आणि महिनाभर पडदा पडला. महाराणींना रंगाचा ठिपकाही लागला नाही. परतल्यावर त्यांनी खुर्चीत बसून केस वर घेतले. पट्टा तिथेच, उलट गडद.

काकांनी गिरकी घ्यायचीच बाकी होती. रंग निर्दोष सुटला! पण लगेच चेहरा उतरला. मग हे आहे तरी काय? आणि त्यांना बाकीचंही आठवलं. मेजवानीच्या प्रवेशातला रिकामा पेला महाराणी हल्ली पाण्याने भरून मागत आणि घटाघटा रिकामा करत. प्रेक्षक अभिनय समजून टाळ्या देत. मध्यंतरात बाथरूमकडे अशी धाव, की तिसरा अंक खोळंबायचा.

"बाई, हे नाटक आमच्या घरी होऊन गेलंय. बायकोचं असंच सुरू झालं होतं, आधी मान काळी, मग तहान. उद्या उपाशीपोटी रक्त तपासून घ्या."

महाराणी हळूच म्हणाल्या, "साखर निघाली, तर माझी भूमिका दुसरीला देतील."

"दुसरीला रंगवणार कोण? माझा हात दुखेल त्या दिवशी."

साखर निघाली, पण वेळेत. डॉक्टरांनी गोळी दिली, पथ्य सांगितलं, चालायला लावलं. महाराणी रोज नाट्यगृहापर्यंत पायी येऊ लागल्या, वाटेत संवाद घोकत. रस्त्यावरची माणसं बाजूला होत. भूमिका कुणी काढली नाही, फक्त कंबरपट्टा दोनदा आवळावा लागला.

बऱ्याच प्रयोगांनंतर एकदा काकांनी पट्टा झाकायला रंगात ब्रश बुडवला, मान पाहिली आणि ब्रश पुसून ठेवला.

"काय झालं?"

"आज मानेला सुट्टी."

पेल्यात मात्र चार घोट पाणी अजून असतं. तहान गेली, टाळ्या कोण सोडणार?