लटारूनं सोडलेली मासोळी

बोडीटोल्याच्या लटारू ढिवराला पोहता येत नव्हतं. तळ्यावर जन्म गेलेल्या माणसाबद्दल असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून लटारू ते आधीच स्वतः सांगून टाकायचा. आपण बुडालो त्या दिवशी मासोळ्या गावजेवण घालतील, असंही वर म्हणायचा.

अशा माणसाचा पोरगा आरमारात गेला. लच्छू सातवी पास झाला होता. त्रेपन्न साली गावच्या शाळेतल्या भैयाजी मास्तरांबरोबर नागपूरला गेला आणि भरती होऊनच परतला. जहाजावर ढिवराचं पोर लागणारच, त्यात नवल ते काय, असं लटारू पोंभुर्ण्याच्या बाजारापर्यंत सांगत गेला. शिकायला किती दिवस लागतात हे मात्र त्यानं कोणाला विचारलं नाही. गावचा एक जण जंगल खात्यात नाकेदार झाला तेव्हा तीन महिन्यांत शिकून आला होता. समुद्र झाला म्हणून काय, फार तर चार महिने. एवढ्या हिशोबावर लटारू गावदेवी मातामायसमोर उभा राहिला आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, की पोरगा शिकून पास होईस्तोवर मासोळी तोंडात घालणार नाही.

पोरगा एक वर्ष विशाखापट्टणमला होता. मग कोचीनला गेला. तिसऱ्या वर्षी जामनगरला पोचला, तिथं आरमाराची वीज आणि रेडिओ शिकवायची शाळा होती. तोपर्यंत इकडे तीन दिवाळ्या कोरड्या गेल्या. लटारू रोज पहाटे जाळं टाकायचा, मरळ धरायचा, बाजारात विकायचा आणि घरी येऊन लाखोळीच्या डाळीशी भात खायचा. बाजारात वेगळीच कुजबुज सुरू झाली. हा स्वतः खात नाही, म्हणजे याच्या तळ्यातच काही तरी आहे! गिऱ्हाइकाला मासोळीबरोबर नवसाचीही कहाणी द्यावी लागे.

पण खरं सांगायचं तर नवसामुळे गावात मिळणारा मान लटारूला आवडू लागला होता. पारावर देवाजी पाटील त्याची चेष्टा करायचा, पण बसायला जागाही द्यायचा. एकदा लच्छूनं लिहिलं, की अंधारातलं दूरचं जहाज काचेवर दाखवणारं यंत्र तो दुरुस्त करायला शिकतो आहे. देवाजीनं विचारलं, त्या काचेत मासोळी दिसते का. लटारूनं ताबडतोब हो म्हणून सांगितलं. गावात विजेचा खांब नव्हता, खोटं पाडणार कोण?

बायको सुगंधाबाई नवस वगैरे काही बोलली नव्हती. ती दर दोन महिन्यांनी पार्सल पाठवायची. त्यात मुरमुरे, तिळाचे लाडू आणि सुक्या झिंग्यांची चटणी. लच्छूच्या बराकीतली पंजाबी नि मल्याळी पोरं त्या चटणीची वाट बघत. लटारूनं एकदा नवसाचा डौल मिरवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, की माझं पार्सल जामनगरले पोचते, तुमचा उपास कुठी पोचते ते देवालेच ठाऊक.

घात झाला तो त्या पार्सलानंच. पौषात एका दुपारी सुगंधाबाई चटणी कुटून विहिरीवर गेली. लटारू एकटाच घरी होता. तिखट, लसूण आणि भाजलेले झिंगे यांचा वास तीन वर्षांच्या भुकेवर आला. त्यानं एक चिमूट तोंडात टाकली. मग पहिल्या चिमटीत झिंगा होता की नुसतं मीठ, याची खात्री करायला दुसरी टाकली. तिसरीला काही कारण लागलं नाही. बायको परतली तेव्हा तो अंगणात जाळ्याची गाठ सोडवत बसला होता आणि ती गाठ सुटत नाही म्हणून जाळ्यालाच शिव्या देत होता.

पंधराव्या दिवशी पत्र आलं. भैयाजी मास्तर दोन ओळी वाचून थांबले. लच्छू रेडिओच्या परीक्षेत नापास झाला होता. अजून एकदा बसायला मिळणार होतं. तेव्हाही नापास झाला तर त्याला यंत्रावरून काढून सैपाकघरात धाडणार होते.

सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला. लटारूनं मनातल्या मनात हिशोब मांडला. साडेतीन वर्षं पोरगा घर सोडून राहिला, परक्या भाषेत शिकला, आणि बापानं तीन चिमटींत सगळं खाऊन टाकलं! त्याला जेवण जाईना. मातामायसमोर नाक घासलं, नारळ फोडला, पण मन हलकं होईना. शेवटी एकटाच मास्तरांकडे गेला, गावात कोणाला सांगणार नाही अशी शपथ त्यांना घातली आणि पत्र सांगितलं. तू नापास झाला तो माझ्यामुळे, मी झिंगे खाल्ले, मला माफ कर. मास्तरांनी लिहिता लिहिता मिशीआडचं हसू दाबलं, पण लटारूच्या डोळ्यांकडे बघून एक शब्दही न गाळता पत्र पुरं केलं.

उत्तर लवकर आलं. लच्छूनं ते शुद्ध भाषेत लिहिलं नव्हतं, घरी बोलायचा तसंच लिहिलं होतं. मास्तरांनी दार लावून नवराबायकोला वाचून दाखवलं.

"बा, यंत्रात बिघाड कुठी हाये ते शोधाचं होतं. मले दोन घंट्यात सापडला नाई, म्हणून मी नापास झालो. त्यात तुह्या झिंग्याचा काई हात नाई. आज तू म्हणतं, मी तुह्या खाण्यानं नापास झालो. उद्या पास झालो त म्हणशीन, तुह्या उपासानं पास झालो. मंग मी इथी तीन वर्सं काय करून राह्यलो? पाच तारखेले बुधवारी मी परत बसून राह्यलो. त्या दिवशी तू पोटभर मासोळी खा. मंग जे होईन ते माहं होईन."

लटारूला राग आला. मग लाज वाटली. पत्रातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे त्याला कळत होतं. पोरगा पास झाल्यावर पारावर कसं बसायचं, काय बोलायचं, हे त्यानं तीन वर्षं घोकून ठेवलं होतं, आणि त्या सगळ्या बोलण्यात लच्छू शेवटी शेवटी यायचा.

पाच तारखेला तो तळ्यावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा, जाळं रिकामं येऊ दे, अशी प्रार्थना करत त्यानं जाळं टाकलं. हातभर लांब मरळ आली. वर्षभरात अशी आली नव्हती. लटारू तिला म्हणाला, आजच सापडलीस का.

सुगंधाबाईनं लाल रस्सा केला, भात वाढला आणि दार पुढं लोटलं. लटारू पानासमोर बसला, पण हात उचलेना. पोराच्या सांगण्यावर त्याचा विश्वास होता. पण मातामायची भीतीही होती, आणि ती काही पत्रानं जात नव्हती. हा घास घेतला आणि पोरगा पडला, तर ते पाप कोणत्या तळ्यात धुवायचं? बाहेर उन्हं चढत होती. लच्छू यंत्रासमोर बसला असेल.

"खा," सुगंधाबाई म्हणाली. "उपास तुमी तुमच्यासाठी केला. हे त्याच्यासाठी खा."

लटारूनं घास घेतला. मग दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो तिखटाला दोष देत होता. डोकं, शेपटी, पाठ, काही सोडलं नाही. पानावर फक्त काटे उरले.

तीन आठवड्यांनी भैयाजी मास्तर पत्र हातात धरून शाळेतूनच धावत आले. लच्छू पास झाला होता. संध्याकाळी पार भरला. देवाजीनं गूळ वाटला, लटारूला मधोमध बसवलं आणि म्हणाला, "लटारू, तुहा उपास फळला रे."

सगळे त्याच्याकडे बघत होते. दार लावून खाल्लेली मरळ गावाला माहीत नव्हती, आणि घोकलेलं भाषण तोंडाशी आलेलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी जन्मभर पुरलं असतं. लटारूनं गुळाचा खडा गिळला.

"नाई भाऊ," तो म्हणाला. "परीक्षेच्या दिवशी मी हातभर मरळ खाल्ली, काटे सोडून सारी. पोरगा आपल्या अकलेनं पास झाला."

देवाजीनं गुळाची परात खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, "मंग तुनं काय केलं रे?"

"मी जेवलो," लटारू म्हणाला.