लाल पोटाचं, काळ्या पोटाचं

“घट बसायच्या आत ती वेल मुळासकट निघाली पाहिजे,” असं आत्याबाई म्हणाल्या तेव्हा मी भाकरी थापत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत गेली आणि त्यावरूनही दोन शब्द ऐकावे लागले. त्या काळी भोरला संस्थानाचं राज्य होतं, पण आमच्या घरात राज्य आत्याबाईंचं.

वेल माझी होती. ईश्वरीची. वेल्ह्याकडच्या डोंगरात माझ्या माहेरी ती कुंपणावर चढलेली असायची, आणि पोट दुखलं, विंचू चावला, की सगळा गाव तिच्या मुळीसाठी आईकडे यायचा. लग्नानंतर निघताना आईनं मुळीचा एक तुकडा ओल्या फडक्यात बांधून माझ्या ओटीत घातला. पुढच्या उन्हाळ्यात आई तापानं गेली. मी पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. भावांनी घर मोडून पुन्हा बांधलं, कुंपण गेलं, वेल गेली. आईच्या हातचं म्हणून या जगात जे काही उरलं होतं ते आमच्या परसात, मोरीच्या पाण्यावर वाढत होतं.

आमच्या सासरची रीत अशी, की सुनेनं माहेराहून आणलेलं झाड सासूच्या हातानं लावायचं. लावलेलं उपटायचं झालं तरी हात सासूचाच. ही वेलही आत्याबाईंनीच खुरप्यानं खड्डा करून लावली होती. तिच्यापासून चार हातांवर त्यांचं कागदी लिंबू. ते मामंजींनी लावलेलं. मामंजी गेल्यावर आत्याबाई त्या झाडाशी बोलायच्या, आणि त्याच्या लोणच्याची बरणी कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत.

त्या पावसाळ्यात लिंबाची पालवी अळ्यांनी खाऊन फस्त केली. नुसत्या काड्या. अळ्या माझ्या वेलीवरही होत्या. बरं, दोन्ही झाडांवर घिरट्या घालणारं फुलपाखरूही एकच दिसायचं. मोठं, काळंभोर, मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग, कडेनं लाल ठिपक्यांची ओळ, खाली शेपट्या. आळीतल्या बायकांनी कमरेवर हात ठेवून निकाल दिला, की सुनेच्या वेलीवर कीड पोसली जाते आणि तीच लिंबावर चढते. झालं!

मी कुठली ऐकून घेतेय! लिंबावरची अळी हिरवी, वेलीवरची काळपट तांबडी, अंगावर मऊ काटे. दोन्ही आत्याबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या.

“लिंबू खाल्लं की हिरवी व्हती, तुझा पाला खाल्ला की तांबडी,” आत्याबाई म्हणाल्या. “तू न्हाई का, हितं येऊन उजळलीस?”

वेलीवरची अळी मी लिंबाच्या पानावर ठेवून दाखवली. पानाला तोंडसुद्धा न लावता ती खाली पडली. त्यावर त्यांचं म्हणणं, ती माझ्या हाताला भ्याली. अशा बाईशी काय डोंबल बोलणार? मालकांना सांगावं तर ते म्हणाले, “तुमा दोघींच्या मधी मी न्हाई पडायचो.” आणि बैल घेऊन नदीकडे निघून गेले.

घट बसायला तीनच दिवस उरले होते. कुणी परसात गेलं की खुरपं कोनाड्यात आहे ना हे मी उठून बघायची.

सकाळी ऊन यायच्या आधी फुलपाखरं थंडीनं आखडलेली असतात, ती हातात येतात. तशी दोन धरली. एक वेलीवरचं, एक लिंबावरचं. पिठाच्या चाळणीखाली, वेलीवरचं डावीकडे, असं ठेवून मी ओसरीवर घेऊन बसले आणि आधी एकटीनंच निरखली. पंखाला पंख लावून बघितला. पांढरा डाग तिथंच. लाल ठिपके तितकेच. शेपट्या तशाच. म्हणजे आळीतल्या बायकांचं खरं? मीच खोटी? चाळणी उचलून दोन्ही सोडून द्यावीत आणि गुपचूप बसावं, असंही मनात आलं.

तेवढ्यात एकानं पंख फडफडवले आणि खालची बाजू वर आली. त्याच्या पंखाखालचे ठिपके भडक लाल होते, आणि त्याच लालीचं पोट, त्याच लालीचं डोकं. दुसऱ्याचे ठिपके विटकरी, पुसट, चंद्रकोरीसारखे वाकलेले, आणि पोट काळं कुळकुळीत. लाल पोटाचं होतं ते डावीकडचं, वेलीवरचं. “अगं बाई!” मी एकटीच मोठ्यानं ओरडले.

आत्याबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या, चाळणीवर बराच वेळ नाक टेकून बसल्या.

“बरं मग?” त्या म्हणाल्या. “एक नर, एक मादी. कोंबडा नि कोंबडी कुठं सारखी असती?”

राग तर असा आला. पण म्हणणं काही खुळं नव्हतं. दिवसभर भांडी आपटत मी विचार करत होते. आणि रात्रीची खरकटी काढताना सुचलं. अंडी घालते ती मादी. लिंबावर काळ्या पोटाची अंडी घालताना दिसली, आणि वेलीवर लाल पोटाची, तर दोघी बायकाच. मग जात निराळी.

आत्याबाईंनी ते मान्य केलं, पण आपली अट घातली. “उद्याच्याला मी सोता बसते परसात. पर आईक. माज्या लिंबावर लाल पोटाचं एक जरी बसलं, तर वेल गेली.”

“बसण्याचं काय? अंडं घातलं तर म्हणा,” मी म्हणाले.

“बसलं तर. मला शिकवू नगंस.”

दुसऱ्या दिवशी उन्हं परसात उतरली तशा आम्ही दोघी पाट टाकून बसलो. आत्याबाईंच्या मांडीवर खुरपं.

पहिलं आलं ते वेलीवर. पानाच्या आड पोट वाकवून त्यानं अंडं ठेवलं. “लाल,” मी म्हणाले. “व्हय, दिसलं की,” आत्याबाई म्हणाल्या. मग लिंबावर एक आलं. पंख एवढे थरथरत होते की पोट दिसेना. नव्या फुटलेल्या कोवळ्या शेंड्यावर ते क्षणभर ठरलं, पोट वाकलं, आणि ते काळं होतं. “काळं! आत्याबाई, काळं! अंडं घातलं बघा!” “दिसलं म्हनलं न्हवं.” आता काय राहिलं होतं?

मग लिंबाच्या फांदीवर एक पिवळं फुलपाखरू येऊन बसलं. साधं, हळदीच्या रंगाचं, बोटाच्या पेराएवढं. आत्याबाई पुढे झुकल्या. “हे बघ, आलं दुसरं. लाल का काळं गं?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या लिंबाकडे बघत होत्या, पण नजर फांदीच्या बरीच बाजूला लागली होती. हल्ली त्यांनी निवडलेल्या तांदळाच्या भातात खडे निघायचे. सुई त्या मला ओवायला लावायच्या, वर म्हणायच्या, तुला सवय हवी. लिंबावरच्या अळ्या वेचताना त्या पान न पान बोटांनी चाचपायच्या. आणि काल चाळणीवर टेकलेलं ते नाक! म्हातारीला दिसतच नव्हतं. आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

“काळं,” असंच मी म्हणाले असते, पण तेवढ्यात पिवळं उडालं आणि मी नुसती “गेलं ते,” म्हणाले. त्याच वेळी वेलीवरून एक उठलं. भडक लाल पोटाचं. संथ, तरंगत, मोरीवरून वळलं आणि सरळ लिंबाकडे निघालं. मी मनातल्या मनात हाकलत होते, जा गं बाई, दुसरीकडे मर. ते लिंबाच्या ऐन शेंड्यावर बसलं आणि पंख पसरून ऊन खात राहिलं.

“आलं न्हवं काहीतरी? सावली हलली,” आत्याबाई म्हणाल्या. “कसलं?”

एक शब्द पुरला असता. काळं म्हटलं की वेल राहणार, आई राहणार, आणि खरं काय ते सांगायला जगात कुणी नव्हतं. समोर ती बाई, मांडीवर खुरपं, मान वाकडी करून माझ्या उत्तराकडे कान लावून बसलेली. स्वतःच्या नवऱ्याच्या झाडाचा न्याय तिनं माझ्या तोंडावर सोपवला होता आणि तिला वाटत होतं, ते मला कळलेलं नाही. मला तिचा संताप आला, आणि कुठून कोण जाणे, तिची दयाही आली.

“लाल!” मी ओरडलेच. “लाल पोटाचं बसलंय तुमच्या लिंबावर! उपटा आता! होऊ द्या तुमच्या मनासारखं!” आणि मला रडू फुटलं.

आत्याबाई उठल्या. खुरपं हातात तसंच. मी डोळे मिटून घेतले. मुळं तुटल्याचा आवाज आता येईल, मग येईल, अशी मी बसून राहिले. आवाज आला तो नुसत्या पानांच्या सळसळीचा. डोळे उघडले तर फुलपाखरू उडालेलं, आणि त्या लिंबापाशी होत्या. शेंड्याचं एकेक पान दोन बोटांत धरून, वरून, खालून, देठापर्यंत चाचपत होत्या. काळीनं घातलेलं अंडं त्यांना सापडलं, त्यांनी ते चिरडलं. मग पुन्हा सगळा शेंडा चाचपला.

“दुसरं न्हाई,” त्या म्हणाल्या. “लाल आली ती नुसती बसली हुती. बसंना का बापडी.”

पाटावर येऊन त्या माझ्याशेजारी टेकल्या.

“काळं म्हनली असतीस तर मी मानलं असतं.”

“ठाऊक आहे.”

“कवापासनं ठावं हाय?”

“आत्ताच. पिवळं आलं तेव्हा.”

“पिवळं हुतं व्हय ते?” त्या स्वतःशीच हसल्या. मग चेहरा गंभीर झाला. “घरात बोलू नगंस. डोळं गेलं म्हनलं की माझ्या हातातलं समदं काढून घेत्याल.”

मी मानेनं हो म्हटलं, आणि त्यांना ते दिसलं नसेल हे लक्षात येऊन तोंडानंही म्हटलं.

त्यांनी खुरप्याची माती बोटानं निपटली आणि मूठ माझ्या हातात दिली.

“वेलीची एक फांदी तिकडं कुंपनाला लाव. लई दाटलीया हितं.”

“मी? तुम्ही लावा. रीत आहे ना.”

“खड्डा कुठं पडंल ते मला दिसंना, पोरी,” त्या म्हणाल्या. “आता तुजाच हात.”